पाळकीणबाई घरी राहिल्या तो रविवार

प्रिय सोसाइया,

माझा पाय मोडलेला नाही, नुसता मुरगळलाय. सेइनी आत्याने तुला फोनवर काय काय सांगितलं असेल याची कल्पना आहे. त्यातलं अर्धं सोडून दे. झालं एवढंच की, दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी गाण्याच्या सरावाला घाईने निघाले होते आणि पाउला म्हाताऱ्याची डुकरीण वाटेत आडवी पसरली होती. मला वाटलं ती उठेल, तिला वाटलं मी वळसा घालेन. कोणीच ऐकलं नाही. बेटावरच्या नर्सने पट्टी बांधली आणि पाऊल टेकवायचं नाही म्हणून दम दिला. त्यामुळे तुझा जन्म झाला तो रविवार सोडला तर आयुष्यात पहिल्यांदाच मी उपासनेला गेले नाही. आत्याने अळूच्या पानांत मांस नि नारळाचं दूध बांधून जमिनीतल्या भट्टीत पुरलं, मला ओट्यावर चटईवर बसवलं आणि जाता जाता म्हणाली, "वहिनी, आज गाणी मी घेते. तू इथून हात हलवत बसू नकोस, आम्हाला दिसायचं नाही."

तुला आठवतं ना, चर्चमध्ये तुझे बाबा उपदेश करायचे आणि मी मंडळीकडे पाठ करून गायकांसमोर हाताने ताल देत उभी असायचे. बाबा गेले तरी ती जागा माझीच राहिली. गाणं सुरू झालं की माझे कान खालच्या सुरातल्या पुरुषांकडे आणि डोळे गायकांमधल्या मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्या पोरींकडे. शब्द तोंडपाठ, म्हणून शब्दांकडे लक्ष द्यायची गरजच कधी पडली नाही. प्रार्थनेचंही तेच. लग्न असो की मयत, मी उभी राहिले की वाक्यं आपोआप बाहेर पडायची, बायका डोळे पुसायच्या, आणि मी मनात भट्टीवर माती नीट पडलीय ना याचा विचार करत असायचे. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

तर त्या रविवारी ओट्यावर बसून ऐकत होते. आत्याने सूर इतका वर धरला की पाउलाचा आवाज चिरकला, आणि मी एकटीच हसले. मग त्यांनी ते कोळ्यांचं गाणं घेतलं. शिष्य रात्रभर जाळं टाकतात, हाती काही लागत नाही, आणि सकाळी किनाऱ्यावरून कोणीतरी विचारतं, लेकरांनो, काही मिळालं का? त्या ओळीवर मी किती पिढ्यांना रागावलेय, ओढू नका, आखडू नका म्हणून. पण समोर उभं राहून गाऊन घेणं वेगळं आणि लांबून कानावर येणं वेगळं. तो प्रश्न चर्चच्या खिडकीतून निघाला, नारळींमधून आला आणि थेट माझ्यापाशी थांबला. काही मिळालं का? आणि सोसाइया, मी मोठ्याने उत्तर दिलं. म्हणाले, "नाही. काहीच नाही मिळालं."

इतकी साधी प्रार्थना मी जन्मात केली नव्हती. पुढची ओळ तुला माहीतच आहे, या, जेवून घ्या. किनाऱ्यावर येशूने चूल पेटवून मासे भाजायला घातलेलेच असतात. मी रडायला लागले. दुःखाचं रडणं नव्हतं ते. दिवसभर खेळून दमलेल्या पोराला घरातून हाक यावी आणि आपण भुकेले होतो हे त्याला तेव्हाच कळावं, तसं काहीतरी. अंगणातली कोंबडीसुद्धा मला नवीकोरी दिसत होती. कोणीतरी शेजारी बसलंय हे मला, तू या क्षणी कागद धरून बसला आहेस ना, तितकं पक्कं कळत होतं.

आत्या परतली तर मी हुंदके देतेय. ती दारातच थबकली. "एवढं वाईट गायलो का आम्ही?" म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती चटईच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तू नुसतेच हात हलवत होतीस?" मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी मंडळीसमोर साक्ष देणार म्हटल्यावर मात्र ती खरंच घाबरली. "माझ्या भावाची बायको तू. पोरगा राजधानीत पाळक. लोक म्हणतील, हिनेच आपल्याला प्रार्थना शिकवली, आता कोणाचं खरं मानायचं? सोसाइयाला तोंड दाखवायला जागा राहील का?" आठवडाभर तिने माझ्याशी धड बोलणं टाळलं. पण रविवारी कुबडी तिनेच आणून दिली आणि बाबांची, चर्चला जाताना कमरेला गुंडाळायची मानाची चटई माझ्या कमरेला घट्ट बांधली.

मी उभी राहिले आणि नेहमीची वाक्यं आलीच नाहीत. जे झालं तेवढंच सांगितलं. मांडीला मांडी लावून बसलेली माणसं जमिनीकडे बघायला लागली. तेवढ्यात पाउलाने, त्याला हल्ली अगदीच कमी ऐकू येतं, बायकोला सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पाळकीणबाई काय म्हणतायत?" आणि ती त्याच्या कानात ओरडली, "म्हणतायत, आत्ता कुठे ख्रिस्ती झाले." आधी आत्या हसली. मग सगळं चर्च हसलं, आणि हसता हसता कोणीतरी गाणं उचललं. मी हात हलवला नाही. कुबडीवर रेलून नुसती गायले. बाहेर आल्यावर तीन बायका एकेक करून माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, माझंही तसंच आहे हो."

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. नाताळची सुट्टी संपवून तू बोटीवर चढताना धक्क्यावर मला म्हणालास की, आई, मी प्रार्थना करतो तेव्हा पलीकडे कोणीच नसतं, आणि पाळकाचं काम सोडायचं ठरवतोय. मी तुझ्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि तुला बोटीवर पाठवलं. मी हे आत्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. काम सोडायचं असेल तर सोड, ठेवायचं असेल तर ठेव, घरी यायचं असेल तर ये. भट्टी लावायला आत्या कारणच शोधत असते. तुला उपदेश करत नाही, तो तू माझ्यापेक्षा चांगला करतोस. तुझी आई आयुष्यभर तिथेच उभी होती जिथे तू आज उभा आहेस, एवढंच तुला कळायला हवं. आणि पलीकडे कोणीतरी आहे, बाळा. मी आता त्याला ओळखते.

तुझीच,
पंधरवड्यापूर्वी जन्मलेली,
आई