कवेलूंतून आलेलं ऊन

॥ श्री ॥
उंद्री, ता. ९ डिसेंबर १९६३

चि. निवृत्तीस वामनरावाचा आशीर्वाद. थोरल्या भावाने तो लिहायचा असतो म्हणून लिहिला, मनातून नाही.

काल मी बैल बघायला धाडच्या बाजाराला गेलो होतो. संध्याकाळी येऊन पाहतो तर मायच्या खोलीच्या छपराला हे एवढं भगदाड! वीस कवेलू उतरवून ओट्यावर रचलेले, मायची बाज कोपऱ्यातून ओढून मधोमध आणलेली, आणि माझं लग्नकार्याला नेसायचं पांढरं धोतर दोन खुंट्यांना ताणून बांधलेलं. त्याच्या काठाला शेण. मला वाटलं चोर शिरले. पण चोर निदान धोतर घेऊन तरी जातात.

शेजारच्या दयारामला धरलं, तर म्हणतो, म्या फक्त शिडी धरली, निवृत्तीभाऊ मायचा फोटो काढून राह्यले होते. तुझी कोकिळावहिनी म्हणते, मले काय ठाऊक, मी तं वावरात गेली होती. खुब्याचं हाड मोडून माय पाच महिने बाजेवर आहे, पौषाची थंडी तोंडावर आली आहे, आणि तू तिच्या डोक्यावरचं छप्पर उघडून दुपारच्या एस.टी.ने पळालास. असले उद्योग तुझ्या नांदुऱ्याच्या स्टुडिओत कर. साऱ्या नांदुऱ्याचे फोटो काढलेस, बापाचा एक काढला नाहीस. त्यांच्या तेरवीला रिकाम्या पाटाला हार घालावा लागला, तो मी विसरलेलो नाही.

मी त्या कवेलूंना हात लावणार नाही. ज्याने उघडलं त्याने येऊन बुजवावं आणि आल्या पावली परत जावं.

लोभ मागत नाही.
वामनराव


नांदुरा, ता. १४ डिसेंबर १९६३

ती. दादांना निवृत्तीचा शि. सा. नमस्कार. तेवढाच काय तो साष्टांग, बाकी पत्रात कुठे वाकणार नाही.

चोर म्हणालात, ठीक आहे. तुमच्या घरात मला चोरासारखंच यावं लागतं. बाबा अंथरुणावर होते तेव्हा मी कॅमेरा खांद्यावर घेऊन दोनदा आलो आणि दोन्ही वेळा तुम्ही दारातून परत पाठवलं. आजाऱ्याचा फोटो काढला की माणूस लवकर जातो, हे तुमचं म्हणणं. बाबा फोटो न काढताही गेले. आता त्या रिकाम्या पाटाचा दोष मलाच देता, याची लाज वाटायला हवी होती. मायच्या बाबतीत तेच होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून तुमचा बाजाराचा दिवस गाठला.

छपराचं सांगतो. मायला बाहेर आणता येत नाही आणि गावात वीज नाही. फ्लॅशचा बल्ब एकदा उडवला, तर मोतीबिंदूच्या डोळ्यांना तो सोसेना, तिने पदराने तोंडच झाकलं. खोलीला दार एकच, तेही उत्तरेचं, तिथून ऊन येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा चालतो, म्हणून त्या उताराचे कवेलू काढले. दहाच्या सुमाराला ऊन मायच्या गालावर आलं. एका अंगाने ऊन आलं की दुसरा गाल काळा पडतो, त्यासाठी समोर पांढरं कापड लावून उजेड परत फेकावा लागतो. घरात तुमच्या धोतराहून पांढरं काही नव्हतं. ते धुऊन निघेल.

उन्हाळ्यापर्यंत थांबायचं होतं, असं म्हणाल. माय उन्हाळा पाहील, हे तुम्ही लिहून देता का?

कवेलू लावायला मी दयारामला बजावून निघालो होतो. त्याने का लावले नाहीत ते घरातच विचारा.

तुमचा लोभ कधी होता ते आठवत नाही,
निवृत्ती


उंद्री, ता. २७ डिसेंबर १९६३

चि. निवृत्तीस आशीर्वाद, मागच्या पत्रापेक्षा कमी.

परवा अवकाळी पाऊस झाला. पाणी थेट मायच्या गोधडीवर. माझा हट्ट गेला चुलीत, भिजत शिडीवर चढलो. पहिला कवेलू उचलला तर खालून माय ओरडली, हात लावशील तं पाह्य वामन, मले उजेड दिसून राह्यला! त्या दिवशी दयारामलाही तिनेच हाकललं होतं. पाच महिने ती अंधाऱ्या कोपऱ्यात पडून होती. रोज त्या खोलीत जाऊन मला ते दिसलं नाही आणि तुला एका फेरीत दिसलं, असं तुला लिहायचं असेल. लिहू नकोस.

आता रोज संध्याकाळी भोकावर ताडपत्री टाकायची आणि सकाळी काढायची. मग ऊन सरकेल तशी मी आणि तुझी वहिनी दुपारपर्यंत बाज ढकलतो. इकडे तूर सोंगायची राहिली आहे. हे लचांड तू माझ्या गळ्यात बांधलंस.

भिजल्यापासून मायला ताप आहे. ते पाप तुझ्या माथ्यावर. ती दिवसातून दोनदा विचारते, फोटो आला काय बे. पोस्टाने पाठव. स्वतः येऊ नकोस.

वामनराव


नांदुरा, ता. ३ जानेवारी १९६४

ती. दादांना नमस्कार.

सोबत फोटो आहे. चार काढले, तीन वाया गेले. एवढ्याशा उजेडात दोन आकडे मोजेपर्यंत कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवावं लागतं आणि मायची मान हलते. चौथ्या वेळी मागून कोणीतरी तिला खांद्याला धरून बसलं, म्हणून हा निघाला. कोण ते मी सांगणार नाही. लुगड्याला हिरवा रंग मी हाताने भरला आहे. तो उन्हात टिकत नाही, तेव्हा फोटो सावलीत लावा. तुम्ही ऐकणार नाही हेही ठाऊक आहे.

येऊ नको म्हणालात, येत नाही. पण मायचं काही कमीजास्त झालं आणि मला तार आली नाही, तर हे शेवटचं पत्र समजा.

निवृत्ती


उंद्री, ता. ९ फेब्रुवारी १९६४

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

तार मिळताच तू आलास, मायला खांदा दिलास, तेरवीपर्यंत राहिलास, आणि आपण एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. म्हणून लिहावं लागतं. जाताना तू वहिनीला म्हणालास, दादानं फोटो मुद्दाम उन्हात लावला. हो, मुद्दाम लावला.

फोटो आला तो दिवस तुला सांगायचा राहिला. मायने तो उन्हात धरून डोळ्यांशी नेला आणि म्हणाली, थे पाह्य, माही माय! स्वतःचं म्हातारं तोंड तिने कधी पाहिलंच नव्हतं. मग दिवसभर ती तिच्या मायशी बोलत होती, माहेरच्या म्हशींची नावं घेऊन. मी बाजेच्या पायथ्याशी बसून ऐकलं. आणि तो खांद्यावरचा हात. त्या हातातल्या पाटल्या मीच सोनाराकडून घडवून आणल्या आहेत. वावरात गेली होती म्हणे! चार दिवस मी तुझ्या वहिनीशी धड बोललो नाही.

या खेपेला पाट रिकामा नव्हता. तो तुझ्यामुळे. हे एकदाच लिहितो.

कवेलू मी परत बसवले, दोन तेवढे सोडून. त्या जागी काच लावली आहे. दहाच्या सुमाराला तिथून ऊन येतं आणि भिंतीवर जिथे पडतं तिथे माय आहे. पाच महिने मी तिला अंधारात ठेवली, आता ठेवणार नाही.

रंग उडेल म्हणतोस, तर उडू दे. उडाला की तोच फोटो नव्याने छापून घेऊन ये. पोस्टाने आलेला मी परत पाठवीन.

वामनराव