चार भोकांची काळी बटणं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सुनेनं आज पुन्हा मला समोर बसवलं. तिच्या हातात खडू, मागे कपाटाचं दार, पुढे मी. म्हणते, "आई, तुम्हाला कळलं तर वर्गाला कळेल." मी चौथीत शाळा सोडलेली बाई. हॉटेलच्या उशांचे अभ्रे शिवून पाठीचा भुगा झालाय, आणि ही क्रियात्मक गट, समजातीय श्रेणी असले दगड माझ्या डोक्यात घालते. सांगून टाकलं — काही कळलं नाही. तिचं तोंड एवढंसं झालं.

वीस तारखेला तिला एका शाळेत दहावीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचाय. पसंत पडला तर नोकरी कायमची, राहायला खोली. गाव लांब, अर्ध्या दिवसाचा प्रवास. म्हणजे मिळाली की ती जाणार. मी इथंच. या घरातून मी हलायची नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

१३ नोव्हेंबर

शेजारीण आली. आमचं फुकटचं वर्तमानपत्र. "मुलगा दोन वर्षं तिकडे दुसरीबरोबर, आणि सून तुमच्याकडे. आता ती तुमची कोण लागते हो?"

म्हटलं, चहा पी, गार होतोय.

१५ नोव्हेंबर

बटणांचा डबा सुनेनं जमिनीवर पालथा केला. मी ओरडणार होते, पण तिचा चेहरा बघून तिच्याशेजारी खाली बसले. चार भोकांची काळी बटणं एकीकडे — हा कार्बन, ह्याला चार हात. दोन भोकांची लाल — ऑक्सिजन. खाली एकच कडी असलेले मोती — हायड्रोजन. माळ वाढवायची तर दर वेळी एक काळं आणि दोन मोती जास्त. तेवढाच फरक, बाकी स्वभाव तोच.

"म्हणजे एकाच कापाचे फ्रॉक," मी म्हटलं, "नुसती मापं वाढत जाणारी."

"हे वर्गात सांगू?"

"सांग. शिलाई लावीन."

बऱ्याच दिवसांनी हसली.

मग गट. माळेच्या टोकाला लाल बटणाचा एक तुकडा लावला की अल्कोहोल. तो काढून दुसरा लावला की आंबट आम्ल. माळ तीच, पण टोकाशी काय लावलंय त्यावर तिचं वागणं. हे मला पटकन कळलं. का ते लिहीत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

मुलाचा फोन. "इकडे काही जमलं नाही आई. परत यायचा विचार करतोय. तिला म्हणावं, नोकरीची घाई करू नको." विचार करतोय! बाजारात वांगी निवडतोय जसा.

माझ्या पोटात काही राहत नाही. तिला लगेच सांगितलं. ती मोती ओवत होती. माळ खाली ठेवून म्हणाली, "पाठ पहिल्यापासून घेऊ?" आणि पहिल्याच वाक्याला कार्बनला पाच हात म्हणाली.

"भोकं मोज," मी म्हटलं.

 

१८ नोव्हेंबर

दिवसभर अभ्रे बाजूला ठेवून तिच्या माळा जाड पट्टीवर शिवल्या. गट काढता-घालता यावेत म्हणून टोकांना टिचबटणं. साधी नाही लावली — जाड कोटाला लावतात ती मोठी, ऐन वेळी निसटायला नकोत. माझ्या हातचं काम सुटत नाही. डोळे चुरचुरताहेत.

२० नोव्हेंबर

ती पहाटेच गेली. घर गप्प. अभ्रे शिवले. वाकडे शिवले. उसवले.

२१ नोव्हेंबर

आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, तुमचं टिचबटण उघडलंच नाही."

मी हातातला अभ्रा खाली ठेवला. सगळा वर्ग बघतोय, मुख्याध्यापिका आणि दोन परीक्षक मागे बसलेत, आणि ही गट ओढतेय. दोन्ही हातांनी ओढला. फाटकन निघाला तो शिवणीसकट, आणि लाल बटण घरंगळत मुख्याध्यापिकेच्या खुर्चीखाली. मुलं खिदळली.

"मग गं?"

"मग म्हटलं, बघितलंत? जोड तोडायला जोर लागतो. रसायनातही फुकट काही तुटत नाही, बाहेरून ऊर्जा द्यावी लागते."

मग एका मुलीनं विचारलं म्हणे, "तुटल्यावर ते टोक तसंच मोकळं राहतं का बाई?" हिनं सांगितलं, फार वेळ नाही, ते लगेच दुसरं काहीतरी धरतं. मुख्याध्यापिकेनं स्वतः वाकून बटण शोधून दिलं.

एवढं सांगून चटईवर आडवी झाली आणि झोपली. मी फाटकी पट्टी बघत बसले. एवढी पक्की शिवण कशाला घालायची मी?

२६ नोव्हेंबर

नोकरी मिळाली. सोमवारी हजर व्हायचंय. मी म्हटलं, बरं झालं. दुसरं काय म्हणणार.

भांडी बांधता बांधता ती म्हणाली, "खोलीला मोठी खिडकी आहे. खाली मशीन बसेल."

"तुला कुठं शिवता येतं?"

तिनं माझी कात्री उचलून भांड्यांबरोबरच बांधली. 

३० नोव्हेंबर, शनिवार

मुलाचा फोन. उद्या येतोय म्हणाला. म्हटलं, ये. किल्ली शेजारणीकडे ठेवलीय. मशीन टेम्पोत चढवलंय, आता मी चढते.