घरी जाण्यापुरतं पेट्रोल

४ मार्च

आज पुन्हा वाढलं. पंपावर लांब रांग. पुढच्या गाडीतला माणूस आकड्याकडे बघून नुसती मान हलवत होता. हे माझ्या शेजारी, पट्टा लावून, मांडीवर हात ठेवून बसलेले. पेट्रोल भरणाऱ्याला म्हणाले, "जरा लवकर करा हो. घरी वाट बघतायत."

"झालंच काका," तो म्हणाला.

सगळ्यांना ते खरंच वाटतं. बोलणं इतकं सरळ आहे ह्यांचं.

५ मार्च

एकदा नीट लिहून ठेवते. नाहीतर माझं मलाच वाटायला लागेल की मी उगाच रोज पेट्रोल जाळत फिरते.

उन्हं कलली की हे उठतात. बूट घालतात. दाराशी जाऊन उभे राहतात. "बरं, निघतो मी. घरी जायला पाहिजे." हेच घर आहे म्हटलं की आधी चिडतात, मग घाबरतात, मग कडी ओढत राहतात. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. गोळ्यांनी दिवसभर पेंगायचे, आणि संध्याकाळी तसेच पेंगत पेंगत कडी ओढायचे.

मग एकदा वैतागून गाडीत बसवलं. बाहेरच्या रस्त्याने तळ्यापर्यंत, तिथून पूल ओलांडून, गोदामांच्या मागून परत. आमच्याच दाराशी थांबून म्हटलं, "आलं घर." उतरले. बूट काढले. जेवले. झोपले. तेव्हापासून हा रोजचा नेम. डॉक्टर म्हणाले, "लागू पडतंय ना? मग फिरवा." त्यांचं काय जातं!

८ मार्च

फेरी आखडती घेऊन पाहिली. तळ्याच्या अलीकडूनच वळले. दाराशी आलो तर उतरेनात. "हे नाही. तुम्ही रस्ता चुकलात, बाई." परत फिरवावं लागलं. म्हणजे उलट जास्तच जळलं.

९ मार्च

गाडी जागच्या जागी चालू ठेवून बसले त्यांना घेऊन. म्हटलं, आवाज तर तोच आहे. हे समोरच्या भिंतीकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "गियर टाका."

आयुष्यभर कागद कारखान्यात मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाला फसवायला निघाले होते मी.

१३ मार्च

मला आता "बाई" म्हणतात. "तुम्ही" म्हणतात. सांभाळायला ठेवलेली कोणी असेन, असं वाटत असावं. फार अदबीने वागतात. आज पुलावर म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी फार करता. पण रोज उशीर होतो हो. ती जेवायची थांबते."

सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. अजून त्यांचा मुलगा जेवायला पोचलेला नाही.

१७ मार्च

लेकीचा फोन. तिला पेट्रोलचं सांगितलं. सांगायला नको होतं. "आई, ती गाडी म्हणजे हत्ती आहे. विकून टाक. लहान घे, भरपूर ॲव्हरेज देणारी." संध्याकाळपर्यंत जावयाने कसले कसले तक्ते पाठवले. कुठली गाडी लिटरला किती, शहरात किती, हमरस्त्यावर किती. सगळं बरोबरच असेल. त्यात एक रकाना नव्हता — कुठल्या गाडीत हे बसतील.

२० मार्च

मिस्त्रीकडे नेली गाडी. म्हटलं, काही साफसूफ करून पेट्रोल कमी लागेल का. त्याने बॉनेट उघडलं, ऐकलं, बंद केलं.

"काकू, हिला आता खायला घालायचं किंवा निरोप द्यायचा. मधलं काही नाही."

हे शेजारी उभे होते. इंजिनावर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. आजकाल येत नाही.

२८ मार्च

पुन्हा वाढ. चष्म्याच्या दुकानात, जिथे मी सकाळी बसते, तिथे आज सगळ्या गिऱ्हाइकांचा हाच विषय. एकजण म्हणाला, मी तर आता अगदी गरज असेल तरच गाडी बाहेर काढतो. मी त्याच्या कानामागे काडी बसवत होते.

२ एप्रिल

शोरूम. ह्यांना घेऊनच गेले, ठेवायचं कोणाकडे? मी दुकानात असते तेव्हा ह्यांच्याजवळ बसणाऱ्या मावशी आज आल्या नाहीत.

विकणारा तरुण, गुळगुळीत दाढी, दर वाक्याला "मॅडम". मी त्याचं नाव मनात गोडबोले ठेवलं. म्हणाला, "पेट्रोलचा त्रासच नको मॅडम, विजेची घ्या." चक्कर मारायला बसवलं. तो चालवत होता, हे पुढे, मी मागे. खरंच काही आवाज नाही. झाडं मागे जातायत आणि आपण दिवाणखान्यात बसलोय.

हे जरा वेळ थांबले. मग म्हणाले, "सुरू करा की."

"सुरू आहे सर."

"सुरू करा. उशीर होतोय."

"सर, आपण साठच्या वेगाने जातोय."

"अहो, आधी सुरू तर करा!"

गोडबोलेने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला हसू फुटलं. ते थांबेना. तोंडावर पदर दाबून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. किती दिवसांनी. हे मागे वळून बघत होते आणि तेही हसायला लागले, कशाला ते न कळता.

तसंही आमच्या इमारतीत खाली वीज घ्यायची सोय नाही. संपला विषय.

६ एप्रिल

आज दुसरी. लहानशी, पेट्रोलचीच. गोडबोलेच्या मते थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारी. इंजिनाचा आवाज आहे, बारीक, पण आहे. हे खूश दिसत होते. बटण दाबून सुरू होते, किल्ली नुसती पर्समध्ये असली तरी चालतं. गोडबोलेने ते ह्यांनाच दाबायला दिलं. दाबलं, इंजिन जागं झालं, आणि ह्यांचा चेहरा — मला तो कारखान्यातला चेहरा आठवला, मशीन दुरुस्त होऊन पहिल्यांदा फिरलं की व्हायचा तसा.

मग मोठ्या चौकात सिग्नल लागला. गाडी थांबली आणि इंजिन आपोआप बंद पडलं. पेट्रोल वाचवायला तसं करतात म्हणे. एकदम शांत.

"आलो," हे म्हणाले. पट्टा काढला आणि दार उघडलं. भर चौकात. बाजूने बस.

मी मागून कॉलर धरली. शर्टाचं बटण तुटलं. गोडबोले पांढराफटक.

नंतर पाणी पिताना म्हणाला, "मॅडम, ते बंद करता येतं. एक बटण आहे. पण मग तितकं ॲव्हरेज नाही देणार."

म्हणजे जेवढी काटकसर, तेवढं दार उघडायचं भय. ह्यावर कोणी तक्ता करून पाठवा म्हणावं.

७ एप्रिल

अंग दुखतंय. रात्रभर ती बस दिसत होती.

११ एप्रिल

लेक म्हणते, "आई, किती दिवस अशी फिरवणार आहेस? एखादी चांगली जागा बघू या का बाबांसाठी? जिथे लोक असतात सांभाळायला."

मी म्हटलं, "आणि संध्याकाळी ते दाराशी उभे राहिले की?"

"तिथे सवय असते त्यांना."

सवय असते म्हणजे दाराला कुलूप असतं. तिला म्हटलं नाही. ती वाईट नाही. लांब आहे. लांबून सगळं तक्त्यासारखं दिसतं.

१९ एप्रिल

आठवडाभर फेरी एक दिवसाआड केली. पेट्रोल परवडेना, आणि पेन्शन काही त्याच्याबरोबर वाढत नाही. फेरी नसलेल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा लावला. तरी कडीचा आवाज यायचा. एका संध्याकाळी थांबलेल्या मावशींनी पाहिलं, म्हणाल्या, "नका हो असं करू. मी कमी घेते पैसे." मला लाज वाटली. त्यांचे पैसे तरी कुठे जास्त आहेत.

काल मनगट सुजलं ह्यांचं. आज निमूट काढली गाडी. तळ्यापर्यंत गेलो. "बघा," ते म्हणाले, "निघालं की कसं पोचतो माणूस."

२६ एप्रिल

घेतली. लहान, पेट्रोलची, त्या दिवशी चौकात थांबली होती तीच. ते सिग्नलला इंजिन बंद पडण्याचं मी गाडीत बसल्या बसल्या बंद करते. तरीही जुनीच्या निम्म्याने पिते. रंग करडा, कारण तोच लगेच मिळत होता.

जुनी घेऊन गेले. हे खिडकीतून बघत होते. "कोणाची होती?" विचारलं. मी म्हटलं, "होती एकांची."

३ मे

सुटल्यासारखं वाटतंय. रोज तळं, रोज पूल. सुरू करायचं काम ह्यांचं, बटण दाबायचं. त्यावाचून पट्टा लावू देत नाहीत. आल्यावर दोन घास जास्त जातात. मी विणायला घेतलंय, गेल्या हिवाळ्यापासून पडलेलं.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बघ, मी म्हणत होते." म्हणू दे.

१२ मे

आज पुलावर मीच विचारलं, "घरी गेल्यावर काय करणार?" थोडा विचार केला. म्हणाले, "काही नाही. ती बोलत असते. मी ऐकतो."

सासूबाई बोलक्या होत्या असं मला तरी आठवत नाही. माझ्याशी तरी नव्हत्या.

१५ मे

काही नाही. बरा दिवस.

२२ मे

पोलिसांनी घरीच थांबायला सांगितलंय. कोणीतरी घरी हवं म्हणे, ते परत आले तर. म्हणून बसलेय. अक्षर बघवत नाही. लिहिलं नाही तर ओरडत सुटेन.

दुपारी मावशी गेल्या. हे खुर्चीत डुलक्या घेत होते. मी केस धुवायला गेले, तेवढंच. बाहेर आले तर खुर्ची रिकामी, बूट नाहीत, दार सताड उघडं. कडी मीच घातली नव्हती की त्यांना जमली, देव जाणे. पर्सही नाही. खाली धावले, ओल्या केसांनी. गाडीची जागा रिकामी.

किती वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता ह्यांनी. जुनीची किल्ली मी डब्यात लपवून ठेवायचे. हिची पर्समध्येच असायची. मीच शिकवलं बटण. रोज, न चुकता, हसत हसत शिकवलं.

तळ्यावर शेजाऱ्यांना पाठवलं. नाहीत. पुलावर नाहीत. गोदामांकडे नाहीत. पोलिसाने गाडीचा नंबर घेतला, रंग घेतला. मग विचारलं, "पेट्रोल किती होतं?"

म्हटलं, काल टाकी भरली.

"मग किती लांब जाईल?"

गोडबोलेने सांगितलेला आकडा सांगितला. तो लिहायचा थांबला. माझ्याकडे बघितलं.

जुनी असती तर पहिल्या चढालाच तहानली असती. कुठेतरी रस्त्याकडेला उभी सापडली असती. ही कुठेही थांबणार नाही. ही त्यासाठीच तर घेतली.

लेक रडत होती फोनवर. मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दिवे लागले. आत्ता ह्या वेळी ते दाराशी उभे असतात.

२३ मे

सापडले. धडधाकट आहेत. गाडीला ओरखडा नाही.

इतक्या लांब, त्या कागद कारखान्याच्या वसाहतीत. लग्नानंतरची आमची पहिली खोली, लेक जिथे झाली ती. आता तिथे एक परिचारिका राहते. पर्समधल्या चिठ्ठीवर नंबर बघून तिनेच फोन केला. म्हणाली, "आजोबा पायरीवर बसलेत. चहा दिला, घेत नाहीत. म्हणतात, आधी माझ्या बायकोला बाहेर बोलवा, ती जेवायची थांबली असेल. मी नाव विचारलं तिचं."

आणि तिने माझं नाव सांगितलं.