साडेअकरा सेंटिमीटर वरचं गटार

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तो घ्यायचा की पाकिटासकट परत पाठवायचा हे तुझं तू ठरव. मी माझ्याकडून केला आहे, आणि पाकिटावर तारीख घालून केला आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर भाऊजींचा डावा हात आता खांद्यापर्यंत वर जातो असं तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून कळलं. (तो 'जवळजवळ खांद्यापर्यंत' म्हणाला. जवळजवळ म्हणजे किती, हे त्याला सांगता आलं नाही. लोक असे कसे बघतात कोण जाणे.) तुझे गुडघे कसे आहेत? मी ठीक आहे. तू विचारलेलं नाहीस, पण पत्रात लिहायची पद्धत आहे.

सव्वा महिना झाला, तू माझा फोन उचलत नाहीस. शेवटचा उचललास तेव्हा म्हणालीस, "तू तुझ्या फायली उशाला घेऊन झोप. पुढच्या पावसात पाणी ह्यांच्या पलंगाला लागलं, की त्या फायलींनीच उपसेन मी ते." आणि ठेवलास. माझं उत्तर तयार होतं, चांगलं तीन मुद्द्यांचं, पण समोर कोणी नव्हतं. मागच्या पावसाळ्यात पाणी पलंगाखालच्या दुसऱ्या विटेपर्यंत आलं होतं, हे मला ठाऊक आहे. ती वीट मीच मोजली होती. तेव्हा तू म्हणालीस, "माणूस पडलाय इथे आणि हा विटा मोजतोय." ते लागलं मला. पण ताई, मोजल्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि या कामावर मोजणारा मी एकटाच आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

तुझ्या दारावरून जो रस्ता आणि जे गटार चाललं आहे, ते सरकारी पैशाचं आणि बाहेरच्या एका संस्थेने दिलेल्या कर्जाचं. त्या संस्थेची अट अशी, की काम करताना झाडं, हवा, पाणी आणि आजूबाजूची माणसं यांना इजा होता कामा नये. आणि ती होत नाही ना, हे बघायला एक माणूस नेमावा. तो मी. पर्यावरण निरीक्षक. नातेवाइकांत अजूनही "हा झाडं मोजतो" असंच सांगतात, ते सोड. मी बारावी नापास नाही. परीक्षेला बसलो नाही. दोन्हींत फरक आहे. पण त्या संस्थेची तीनशे अठ्ठेचाळीस पानांची नियमावली मी शब्दकोश मांडीवर घेऊन तीनदा वाचली आहे, परिशिष्टांसकट. माझ्यावर जे तज्ज्ञ साहेब आहेत (दोन पदव्या, एक परदेशी), त्यांनी अनुक्रमणिका वाचली आहे. ते तीन महिन्यांनी एकदा येतात, गाडीची काच अर्धी खाली करतात, "धूळ फार आहे हो" म्हणतात आणि काच वर करतात. याला पाहणी म्हणतात.

धुळीवरून आठवलं. धूळ मोजायचं एक यंत्र आम्हाला दिलेलं आहे. मी रुजू झालो तेव्हा ते सामानाच्या गोदामाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे ठेवलेलं होतं आणि दर महिन्याला असे आकडे देत होतं, की क्षयाच्या रोग्यांना तिथे हवा खायला न्यावं. मी ते उचललं आणि नियमात लिहिलंय तसं रस्त्याच्या कडेला, माणसाच्या नाकाच्या उंचीवर बसवलं. चौथ्या दिवशी ते गुदमरून बंद पडलं. मला लेखी विचारणा आली, की धूळ मोजण्याचे यंत्र धुळीत ठेवल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा. मी अकरा पानी खुलासा दिला. पोच मिळाली. यंत्र गच्चीवर गेलं.

झाडांचं तसंच. एक्केचाळीस झाडं वाचवायची होती, खोडावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेले. तेविसावं कापलं. मी नोंद केली. ठेकेदाराच्या मुकादमाने (गडी उमदा आहे, नाव घेऊन हाक मारतो, पण खोटं इतक्या प्रेमाने बोलतो की आपल्यालाच लाज वाटते) चोविसाव्याला तेवीस केलं, पंचविसाव्याला चोवीस, असं करत शेवटी एक्केचाळीस नंबर घालायला झाड उरलं नाही, तर तो विजेच्या खांबाला घातला. मी म्हटलं, अरे बाबा, हा खांब आहे. म्हणाला, "साहेब, सरळ वाढलंय म्हणून तुम्हाला तसं वाटतं." अहवालात तो खांब आजही आहे. झाडाची स्थिती या रकान्यात कोणीतरी लिहिलंय : उंच, निरोगी, पानगळ पूर्ण.

आता तू म्हणशील, लोक तक्रार का करत नाहीत. करतात ना, रोज करतात, तूही केलीस, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी केलीस. पण तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे. ती लेखी हवी आणि तक्रारपेटीत हवी. आणि तक्रारपेटी ठेकेदाराच्या आवारात, कुंपणाच्या आत आहे. फाटकावर पाटी आहे : कामगारांव्यतिरिक्त कोणासही प्रवेश नाही. किल्ली माझ्याकडे असते. दर महिन्याच्या एक तारखेला मी दोन साक्षीदारांसमोर ती पेटी उघडतो. चौदा महिन्यांत तिच्यात गांधीलमाश्यांचं एक पोळं निघालं, दुसरं काही नाही. त्यामुळे अहवालात "तक्रारी : शून्य", आणि त्याबद्दल आमच्या कार्यालयाला एक प्रशस्तिपत्र. ते भिंतीवर लावायला खिळा मीच ठोकला, कारण बाकीच्यांना तो सरळ ठोकता येत नाही.

तर गटार. तुझ्या दारासमोर रस्ता भराव घालून वर उचलला, आणि गटाराची जाळी त्याच्या बरोबरीने बसवली. मी पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन तीन वेगवेगळ्या दिवशी माप घेतलं. (तिसऱ्या दिवशी तू खिडकीतून पाहिलंस आणि खिडकी लावलीस. मी त्या क्षणी तुझ्याच उंबऱ्याची उंची लिहीत होतो.) जाळीचं तोंड तुझ्या अंगणापेक्षा साडेअकरा सेंटिमीटर वर आहे. म्हणजे तुझ्या अंगणातल्या पाण्याला गटारात जायचं असेल तर आधी साडेअकरा सेंटिमीटर उडी मारावी लागेल. ते मारणार नाही. ते उंबरा ओलांडून आत येईल, कारण आत उतार आहे, आणि उताराच्या शेवटी भाऊजींचा पलंग आहे. हे कळायला पदवी लागत नाही, एक बादली पाणी लागतं. मुकादमाला दाखवलं तर म्हणाला, "पाणी काय मोजपट्टी घेऊन येतं का साहेब? आलं तसं जाईल."

आमच्या तक्त्यात प्रत्येक प्रश्नापुढे तीन घरं असतात : होय, नाही, लागू नाही. प्रश्न क्रमांक बावन्न, 'कामामुळे लगतच्या वस्तीतील पाण्याचा निचरा सुरळीत राहतो काय?' मी 'नाही' वर खूण केली. 'नाही' वर खूण झाली की काम थांबतं, आणि काम थांबलं की सगळे जागे होतात. तज्ज्ञ साहेबांनी मला बोलावून घेतलं. पंख्याखाली बसवलं, चहा मागवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. म्हणाले, "हे घर कोणाचं?" मी म्हटलं, माझ्या थोरल्या बहिणीचं, आणि तसं मी पहिल्याच दिवशी लेखी कळवलेलं आहे. "मग तुम्ही यात न पडलेलंच बरं. उद्या कोणी म्हणेल, घरचं काम करून घेतलं. आणि खरं सांगू का, तुमच्या बहिणीचं अंगण म्हणजे काही पर्यावरण नव्हे." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पेनाने माझी खूण खोडली आणि 'लागू नाही' वर केली. मी खूप वाद घातला. नियमावलीचं पान, परिच्छेद, ओळ सांगितली. ते मान डोलवत राहिले. दोन पदव्यांच्या माणसाची मान फार छान डोलते.

येत्या सोमवारी सकाळी तुझ्या दारासमोरच्या गटारावर स्लॅब पडणार आहे. एकदा तो पडला, की ती पातळी तुझ्या-माझ्या हयातीत खाली यायची नाही. हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

भाऊजींना नमस्कार. पलंगाखाली आणखी दोन विटा घाल. चारही पायांखाली सारख्या घाल, नाहीतर ते एका बाजूला घसरतील.

तुझा धाकटा भाऊ
(पर्यावरण निरीक्षक)

ता. क. : वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, टाळली. त्या खोडलेल्या खुणेखाली निरीक्षकाची सही लागते. ती माझी आहे. दोन दिवस केली नाही, तिसऱ्या दिवशी केली. माझ्या नेमणुकीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि या वयात, या शिक्षणावर, मला दुसरं कोण घेणार असं साहेब म्हणाले. ते नुसते म्हणाले असते तर चाललं असतं, पण मला ते पटलं. तुला त्या शेवटच्या फोनवर "मी ठाम आहे" असं जे सांगितलं, ते सही करून आल्यावर सांगितलं.

दुसरं ता. क. : आता काम. कामाविरुद्ध तक्रार केली तर ती निपटाऱ्यासाठी ठेकेदाराकडेच जाते, आणि तो त्यावर 'निकाली' लिहितो. पण पान दोनशे बारा, परिच्छेद सात : निरीक्षकाने खोटा अहवाल दिल्याची तक्रार असेल तर ती थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खिडकीवर घेतात, आणि चौकशी होईपर्यंत त्या जागेवरचं काम झाकायला बंदी असते. आमच्या कार्यालयाच्या तावडीतून बाहेर पडणारा हा एकच कागद आहे. आजवर कोणी वापरला नाही, कारण तिथपर्यंत कोणी वाचलंच नाही. तेव्हा शुक्रवारी सकाळी अकराच्या आत (खिडकी तेवढाच वेळ उघडी असते) जाऊन माझ्याविरुद्ध तक्रार दे. मसुदा मी पाठवत नाही, माझी भाषा ओळखतील. त्या दिवशी फोनवर जे बोललीस ते लिही, माझ्या जन्माबद्दलचा भाग तेवढा वगळून. 'साडेअकरा' अक्षरी आणि आकड्यात, दोन्ही घाल. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. माझी नोकरी जाईल का, याचा विचार करत बसू नकोस. जाईल, तो विचार माझा करून झाला आहे.

तिसरं ता. क. : यातलं काही भाऊजींना सांगू नकोस. चौकशीला माणूस सोमवारच्या आत घरी येईल, त्यांच्या पलंगाशी बसेल. त्यांची जीभ हल्ली प्रत्येक शब्दाला अडखळते म्हणाली होतीस, पण माझी बाजू घ्यायची असली की ते एका दमात बोलतात, आणि "आमचा मेहुणा तसा नाही" एवढं जरी त्या माणसाच्या कानावर पडलं, तरी तक्रार निकाली निघेल आणि सोमवारी स्लॅब पडेल.