धाकटीची रेघ, नातीचे मज्जातंतू

ज्या कृपेने जिभेला खरे बोलण्याचे बळ येते आणि डळमळत्या पावलाखालीही भूमी स्थिर राहते, त्या कृपेला आधी नमस्कार. अण्णा, नमस्कार तुम्हालाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षे उलटली. दरवर्षी तुमच्या तिथीला मी तिलोदक देतो, नाव-गोत्र उच्चारतो आणि उठतो. जे सांगायचे ते दरवर्षी राहून जाते. या महिन्यात नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूच्या एका रुग्णालयात मी उताणा निजलो, एका तरुण डॉक्टरबाईंनी माझ्या हातावर गार, चिकट जेल पसरले आणि सोनोग्राफीच्या यंत्राने माझे मज्जातंतू पडद्यावर पाहिले. ते कशासाठी, हे तुम्हाला सांगितल्यावाचून आता माझे चित्त संध्येत लागत नाही.

माझ्या लेकीची लेक आता पंधरा वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिले नाही. दहाव्या वर्षापासून तिचा तोल जाऊ लागला, अक्षर बिघडले, पेला ओठापर्यंत नेताना सांडू लागला. लातूरच्या तिच्या शाळेतल्या मुली तिला भोवरा म्हणू लागल्या. दोन-तीन वर्षांच्या भटकंतीनंतर रक्ताच्या तपासणीत आजाराचे नाव कळले: अटॅक्सिया, आणि तोही वंशातून आलेला. आई आणि बाप या दोघांकडूनही दोष आला तरच या प्रकारचा आजार मुलाला होतो. एकाच बाजूने आला तर माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो आणि आपण काय वाहून नेत आहोत याची त्याला जाणीवही नसते. डॉक्टर हे समजावीत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे आपले अंगण उभे राहिले होते.

देवणीच्या पुढचे आपले गाव, शेणाने सारवलेले अंगण. आपली धाकटी, माझी बहीण, तेरा वर्षांची आहे, मी सतरा वर्षांचा. ती रिकाम्या जागी अडखळते, पूजेचे पाणी आणताना तांब्या अर्धा सांडते. देवळात पुराण सांगायला निघण्यापूर्वी तुम्ही तुळशीपासून दारापर्यंत रांगोळीची एक सरळ रेघ ओढता. "हिच्यावरून एकवीस वेळा ये-जा करायची. रेघ विस्कटली तर पुन्हा एकवीस. चित्त एकाग्र झालं की पाय आपोआप सरळ पडतात." तुमच्या स्वरात राग नाही, शिष्याला पाठ द्यावा तसे तुम्ही सांगता. तुम्ही वळणावर दिसेनासे झालात की ती चालू लागते. तिसऱ्या फेरीपर्यंत रेघेचा नुसता पांढरा धुरळा उरतो. ती भिंतीला धरून हसते. "दादा, मी सरळच जाते रे, रेघच वाकडी पळते." आणि मग मी रांगोळीचे तबक घेतो, अंगण झाडतो, तुमच्यासारखीच एक रेघ पुन्हा ओढतो. तुम्ही परतता, रेघ पाहता आणि समाधानाने पाय धुता. असे कित्येक महिने चालले. तुम्हाला वाटले, उपाय लागू पडला.

मग रामनवमीला सगळ्या गावादेखत ती देवळाच्या पायरीवर पडली. तुम्ही तिला उठवले नाही. "घरी रेघेवरून नीट चालतेस आणि इथे चारचौघांत पडतेस. ही लबाडी आहे," असे तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवसापासून घरात तिला लबाडच म्हटले गेले. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू या, असे आईने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआडून सुचवले, तेव्हा तुमचे उत्तर होते, "जिला चालता येतं तिला औषध कशाचं द्यायचं?" अठराव्या वर्षी ती जमिनीवरून सरकू लागली, तेव्हा आपण ते कुठल्याशा तापावर ढकलले. चोविसाव्या वर्षी एका दुपारी छातीत धडधड होऊन ती गेली. त्या वेळी हैदराबादला औषध मिळाले असते असे मी म्हणत नाही. आजही या आजाराला मुळातून उपटणारा उपाय हाती नाही. पण तिला निदान आजारी तरी म्हटले गेले असते.

दुसरी गोष्ट माझ्या लेकीच्या लग्नाची. आई तुमच्या मामाची मुलगी होती. तुमच्या थोरल्या लेकीच्या, अक्काच्या मुलाशी माझ्या लेकीचे लग्न लावायचे हेही तुम्हीच ठरवलेत. तोवर मी लातूरला वीस-बावीस वर्षे संस्कृत शिकवत आलो होतो. जवळच्या रक्तातली सोयरीक स्मृतिकारांनी निषिद्ध मानली आहे, ते पान काढून मी तुमच्यापुढे बसलो. तुम्ही पान वाचलेसुद्धा नाही. "आपल्याकडे देशाचार आहे. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क. घरातली घरात राहते, आणि आपल्या घरात दोष नाही." दोष नाही, हे शब्द ऐकताना मला धाकटी आठवली होती. तरी मी पोथी मिटली आणि फडक्यात बांधली. स्मृतिकारांना मज्जातंतू ठाऊक होते असला दावा मी करणार नाही. शास्त्राला न मिळालेले ज्ञान त्याच्या नावावर चढवणे हाही एक अपराधच. पण जे मला ठाऊक होते ते मी बोललो नाही.

आता नांदेडचे. त्या डॉक्टरबाई मूळच्या नायगावकडच्या. पोटाची करतात तशीच सोनोग्राफी हातापायांच्या मज्जातंतूंची करून या आजारात ते कसे बदलतात, हे त्या अभ्यासत आहेत. सुई टोचावी लागत नाही, म्हणून मुलांनाही त्रास नाही. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले, "आजोबा, यानं पोर बरी होणार नाही. पण पुढं एखादं औषध आलं, तर ते लागू पडून राहिलंय का, हे बघायला काहीतरी माप लागंल. म्हणून आजारी माणूस पाहिजे आणि त्याच घरातली धडधाकट माणसंही पाहिजेत." मी होकार दिला आणि अक्काकडे गेलो. ती माझी थोरली बहीण आणि माझ्या लेकीची सासू. तिच्या होकाराशिवाय तिच्या घरातले कोणी हलणार नव्हते.

"पोरीची तपासणी झाली ना? मग सगळं घराणं नांदेडच्या वेशीवर कशाला टांगून राहिलास?" ती म्हणाली. "माझ्या थोरल्या लेकाच्या दोन पोरी लग्नाच्या आहेत. कळलं तर कोण उंबरा चढंल?"

"अक्का, ती तुझीही नात आहे."

"ते मला शिकवू नको. तिचं वेणीफणीपासून सगळं मीच करते."

मी उठून जाणार होतो. पण उठलो असतो तर ती दुसऱ्यांदा मिटलेली पोथी झाली असती. मी खाली बसलो आणि छप्पन्न वर्षे कोणाला न सांगितलेले सांगितले: रेघ मी ओढत होतो.

अक्का शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "एवढी रांगोळी येत कुठून होती वाटतं तुला? शिरगोळ्याचे दगड मीच कुटून ठेवायची." मग ती म्हणाली, "आपण दोघांनी मिळून तिला लबाड ठरवलं रे." तिने सुपातली टरफले पाखडली, सूप बाजूला ठेवले आणि विचारले, "कधी जायचं नांदेडला? एकादशी सोडून ठरव. उपाशीपोटी मला गाडी लागते. आणि आता घरातली घरात हे पुरे. त्या दोघी बाहेर द्यायच्या, आणि सांगून द्यायच्या."

असे आम्ही सहाजण गेलो. आधी मी निजलो. मनगटापासून कोपरापर्यंत ते यंत्राचे टोक फिरताना पडद्यावर एक करडे वर्तुळ दिसले आणि त्यात बारीक बारीक काळे ठिपके. दर्भाची जुडी आडवी कापून तिच्या तोंडाकडे पाहावे, तसा मज्जातंतू दिसतो, अण्णा. आयुष्यभर जे दर्भ मी बोटात घातले, त्यांचीच आकृती त्या हाताच्या आत होती. शेजारी उभी असलेली नात म्हणाली, "आजोबा, हात ढिला सोडा. तर्पण नाही चाललं." डॉक्टरबाई हसल्या. मग नातीच्या हाताची पाळी आली. तिचा मज्जातंतू माझ्यापेक्षा जाड दिसला. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "हाव, जाड दिसतो. पण एका चित्रावरून मी काही बोलणार न्हाई. सगळी मापं होऊ द्या." हा संयम मला आवडला, तुम्हालाही आवडला असता. अक्का मात्र पडद्यावरून नजर काढीना. "तिचेही असेच असतील," एवढेच ती पुटपुटली. तिथे कोणीही धाकटीचे नाव काढले नव्हते.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पिंडाजवळ कागद ठेवण्याचा विधी नाही. नातीच्या तपासण्यांच्या फाइलमध्ये ते राहील. धाकटीला मात्र यंदापासून मी नाव घेऊन पाणी देणार आहे, आणि यापुढे तुम्हालाही तिला लबाड म्हणू देणार नाही.

एक सांगायचे राहिले. शेवटी डॉक्टरबाईंनी नातीला फरशीच्या सांध्यावरून, टाचेला चवडा लावत, चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला ती रेघेबाहेर गेली. डॉक्टरबाई नेमक्या खाली मान घालून लिहीत होत्या, त्यांनी वर पाहून विचारले, "नीट गेली?" आणि अण्णा, माझ्या तोंडात 'हो' आलेच होते. त्र्याहत्तराव्या वर्षी, इतके सगळे करून, मी पुन्हा रेघ झाडायला निघालो होतो. नातच म्हणाली, "चुकलं. चुकलं म्हणून लिहा."

जो कोणी हे वाचील, त्याचे पाऊल स्थिर राहो. ते डळमळलेच, तर ते खरे पाहणारा आणि खरे लिहिणारा कोणी त्याच्याजवळ असो.