भूल देण्याआधी

बुधवार, ११ तारीख

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

दाराखालून पत्र आलेलं पाहून हसाल. एका गावात राहून पत्र! पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी लोडोबाची खबर. ताई सकाळी त्याला चादरीत गुंडाळून माझ्या दवाखान्यात घेऊन आली. मागचे पाय लुळे. एमआरआय काढला. दोन मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आलाय. लांब पाठीच्या कुत्र्यांना हे होतं, सोफ्यावरून उडी मारूनही होतं. ताईला तेच सांगायला लावलंत ना? चकतीपुरतं मी तुमचं म्हणणं खोडू शकत नाही.

पण एमआरआयसाठी कुत्र्याला भूल द्यावी लागते, आणि त्याआधी आम्ही छातीचा एक्स-रे काढतो. त्यात बरगड्या मोडून जुळलेल्या दिसल्या. सगळ्या एकाच वेळच्या नाहीत. तुमचा सोफा एवढा उंच नाही, भाऊजी.

एमआरआयच्या खोलीत धातूची वस्तू चालत नाही. आमचा टेक्निशियन नेहमीप्रमाणे दाराशी कमरेचा पट्टा काढायला लागला. बकल वाजलं मात्र, लोडोबा पुढच्या पायांवर फरफटत टेबलाखाली शिरला. त्याला बाहेर काढायला मी वाकले आणि वर पाहिलं, तर ताईनेही दोन्ही हात तोंडावर धरले होते.

टेक्निशियन बिचारा गोंधळला. "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही हो, तुम्ही काही नाही केलं," ताई म्हणाली आणि मग रडायलाच लागली. मला इतका राग आला की सुई धरवेना. भूल दुसऱ्या डॉक्टरने दिली.

शस्त्रक्रिया संध्याकाळी आहे. ताई आता माझ्याकडेच राहील. दुपारी तिला माणसांच्या दवाखान्यात नेऊन तिचेही एक्स-रे काढले. दोघांचे फोटो एकाच पाकिटात आहेत. ते कुठे द्यायचे, मला ठाऊक आहे.

तुमच्या शेजारच्या काकूंचा फोन आला होता. तुम्ही आज लवकर घरी आलात, ठकू शाळेतून आली आणि तेव्हापासून आतून कडी आहे म्हणे. एरवी मी इतकं गोड बोलले नसते. लेक तुमचीही आहे, पण मला भीती वाटतेय.

पत्र आणलंय त्याच टेक्निशियनने. माणूस धिप्पाड आहे, फारसा बोलत नाही. तुम्ही दार उघडेपर्यंत तो तिथेच थांबेल. ठकूचं दप्तर नको, कपडे नकोत. नुसती चप्पल घालून तिला त्याच्याबरोबर पाठवा.

उत्तराची नव्हे, ठकूची वाट पाहणारी,
तुमची मेव्हणी