दाबा, धरा, सोडा

प्रिय ताई,

फोनवर तू म्हणालीस, "बाबांची माफी माग, व्हॅनची किल्ली देऊन टाक आणि विषय संपव." मी नुसतं "बघतो" म्हणालो, कारण आई शेजारी भाजी निवडत होती आणि तिचे कान फोनकडे होते. आता नीट सांगतो. माफी मागणार नाही. किल्लीही देणार नाही. तू मला जन्मभर तपासनीस म्हणून चिडवलंस तरी चालेल, मी जागचा हलणार नाही.

तुम्हा सगळ्यांचं काय ठरलंय ते मला माहीत आहे. आठवीत शाळा सोडलेल्या पोराने घरच्या गाडीचे ब्रेक केले, त्यात काहीतरी घोळ घातला आणि आता लाजेपोटी किल्ली लपवून बसलाय. दाजी म्हणाले म्हणे, की गॅसचं बटण तीनतीनदा बघणाऱ्याच्या ताब्यात गाडी दिली की ती उभीच राहायची. विनोद चांगला आहे, मीही हसलो. पण ब्रेक मी केलेत आणि ते ठणठणीत आहेत. मागच्या चाकांचे लायनर नवे, पुढचे पॅड नवे, ब्रेक ऑइल सगळं बदललेलं. टायर पाहिले. सरकत्या दाराची खाच घासून ग्रीस भरलं, आता ते दार तुझी धाकटी एका बोटाने लावते. आमच्या गॅरेजचे उस्ताद कधी कुणाला शाबासकी देत नाहीत. काम जमलं की पुढचं काम देतात, एवढंच. ते स्वतः आपली व्हॅन रस्त्यावर फिरवून आले, दार लावलं आणि म्हणाले, "चल, त्या लाल गाडीचं बॉनेट उघड." मला तेवढं पुरे होतं.

व्हॅनला बदक हे नाव शाळेच्या मुलांनीच दिलं ना गं? पांढरी आणि खड्ड्यातून डुलत जाणारी. बाबा त्या मुलांना ने-आण करायचे तेव्हा आपण दोघं सगळ्यात मागे दप्तरांच्या ढिगात. तुला तो टाय लावलेला माणूस आठवतो का? जागा भरलेली असताना आणखी एका पोराला आत ढकलत होता. "मांडीवर बसेल हो, एवढंसं तर आहे." बाबा म्हणाले, "मांडीला पट्टा नसतो." तो तावातावाने आपली आधीची मुलगीही उतरवून घेऊन गेला. आईने दिवसभर तोंड फुगवलं आणि बाबा मात्र शीळ घालत काच पुसत होते. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी, चाकांमागे वाकून बघायचं, पट्ट्यांचे खटके कानाने ऐकायचे, मग किल्ली. हे सगळं त्यांनीच शिकवलं. मी इतका हट्टी कुणावर गेलोय म्हणून आई विचारते.

आता त्या दिवसाचं. तुला बाबांनी सांगितलं ते असं, की शाळेपुढच्या झेब्रा पट्ट्यांवर ब्रेक लागला नाही आणि माझं काम कच्चं निघालं. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, ताई. पट्ट्यांवरून एक बाई ढकलगाडीत बाळ घेऊन चालली होती. बाबांनी तिला दुरून पाहिलं, "थांबूया" असंही म्हणाले, आणि बदक थांबायच्या ऐवजी पुढे उसळलं. मी हँडब्रेक ओढला. गाडी रस्त्यात आडवी फिरून थांबली. बाईने आमच्याकडे असं पाहिलं की अजून डोळे मिटले की तीच दिसते. बाबांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बघ, हल्ली हिला दोनदा सांगावं लागतं." घरी आल्यावर तेच वाक्य सगळ्यांना ऐकवलं. तेव्हापासून घरात पाणी मागितलं तरी आई म्हणते, "काय रे, दोनदा सांगू का?" आणि सगळे हसतात. मी गप्प बसलो, कारण तेव्हा मलाही वाटलं की ब्रेकच्या पाइपमध्ये कुठेतरी हवा राहिली असेल. गाडीचा दोष निघाला असता तर मला आनंद झाला असता. खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी अंगणात बदक जॅकवर चढवलं. ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन नट सैल करायचा, ऑइलबरोबर हवा बाहेर येते, नट आवळला की वरच्याने पाय सोडायचा. खालचा ओरडतो, दाबा, धरा, सोडा. वरच्याने तसंच उत्तर द्यायचं. बाबा हौसेने वर बसले. मी म्हटलं, "दाबा." ते म्हणाले, "दाबलं." मी नट सैल केला. थेंबही नाही. "बाबा, जोरात." "अरे, उभाच राहिलोय त्याच्यावर." पुन्हा काही नाही. पाइप तुंबला असेल म्हणून मी बाहेर सरकलो आणि उघड्या दारातून आत पाहिलं.

त्यांचा उजवा पाय पेडलच्या शेजारी होता. खालच्या रबरी मॅटवर. गुडघा थरथरत होता एवढा जोर लावला होता त्यांनी, आणि पेडलला त्यांचा स्पर्शही नव्हता.

माझी नजर पाहून त्यांनीही खाली पाहिलं, पँटला धरून पाय हाताने उचलला आणि पेडलवर ठेवला. मग म्हणाले, "उकाडा फार आहे आज." मी पुन्हा चाकापाशी आडवा झालो, आणि या वेळी ऑइल आलं. स्वच्छ, एकही बुडबुडा नसलेलं. ब्रेकमध्ये हवा नव्हतीच.

मग बाकीचं मला जुळत गेलं. त्यांची उजवी चप्पल वाटेत कुठेतरी निघते आणि ते तसेच दारापर्यंत येतात, आम्ही म्हणतो विसराळू झालेत. टाचेला एवढा फोड आला, कशाने भाजलं ते त्यांना सांगता येईना. साखर वाढलीये, डॉक्टरने पायांबद्दल विचारलं होतं, आणि त्यांनी काय उत्तर दिलं असेल ते तुला मला ठाऊक आहे. त्या पायाला खाली काय आहे ते कळत नाही, ताई. पेडल आहे की मॅट आहे, ब्रेक आहे की ॲक्सिलरेटर आहे. मी त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "आमच्या तपासनिसाला स्वतःच्याच कामाचा भरवसा नाही." मी मान खाली घातली. बाहेरच्या लोकांनी मला अडाणी म्हटलं तर माझं काही जात नाही, त्यांना कुणी अधू म्हणू नये. पण ही सवलत फक्त बाहेरच्यांना. तुला खरं माहीत असायलाच हवं.

कारण आई आज बोलता बोलता म्हणून गेली, की शनिवारी बाबा बसने तुझ्याकडे येणार आहेत. तुझ्या कपाटात बदकाची दुसरी किल्ली आहे ती न्यायला. रविवारी तुझ्या दोन्ही मुलांना तलावावर फिरवून आणायचं त्यांनी कबूल केलंय. मुलं नाचतायत, आईला यातलं काही माहीत नाही, आणि बाबा तुझ्या दारात उभे राहून असे हसतील की तू नाही म्हणू शकणार नाहीस. तरी म्हण. चहा दे, जेवायला घाल, किल्ली देऊ नकोस. फारच झालं तर माझं नाव सांग. मुलांना तलावावर मी नेईन, बाबा माझ्या शेजारी बसतील आणि वाटभर माझ्या चुका काढतील. सोमवारी त्याच सीटवर बसवून त्यांना डॉक्टरकडेही नेणार आहे. आले नाहीत तर मंगळवारी, नाहीतर बुधवारी. ते नातेवाइकांत सांगतील, पोराने बापाला त्याच्याच गाडीतून खाली उतरवलं. सांगू देत. कुणी तुला विचारलं तर तूही सांग, हो, उतरवलं.

तुझाच, आणि या बाबतीत कुणाचंही न ऐकणारा,
तपासनीस